जोखीम कोणाची, भाव कोणाचा : अमेरिकेतील आरोग्यसेवेच्या वादाची चिकित्सा

अमेरिकेत २०२३ साली आरोग्यसेवेवर ४.९ लाख कोटी डॉलर खर्च झाले. माणशी १४,५७० डॉलर. देशाच्या सकल उत्पादनाचा १७.६ टक्के हिस्सा. जर्मनी, फ्रान्स, कॅनडा हे देश दहा-बारा टक्क्यांत आपल्या नागरिकांची सोय लावतात आणि तिथले सरासरी आयुर्मान अमेरिकेपेक्षा जास्त आहे. अमेरिकेत मात्र एवढा पैसा ओतूनही अडीच कोटींहून अधिक लोकांकडे कोणताच विमा नाही. या वस्तुस्थितीबद्दल डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन पक्षांत फारसे दुमत नाही. भांडण आहे ते कारणाबद्दल. बाजाराला मोकाट सोडल्यामुळे हे झाले, असे एक पक्ष म्हणतो. बाजाराला कधी नीट चालूच दिले नाही म्हणून हे झाले, असे दुसरा म्हणतो.

या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. पहिला जोखमीचा : एखाद्याला कर्करोग झाला, एखाद्या मुलीला जन्मापासून हृदयविकार असला, तर त्या खर्चाचा भार निरोगी माणसांनी किती उचलायचा? दुसरा किमतीचा : शस्त्रक्रियेचा, गोळीचा, तपासणीचा भाव कोण ठरवतो आणि तो एवढा चढा का? पहिल्याचे उत्तर समाज कशाला न्याय मानतो यावर अवलंबून आहे. दुसऱ्याचे उत्तर बऱ्याच अंशी अभ्यासाने देता येते. माझे म्हणणे असे, की अमेरिकी राजकारण वर्षानुवर्षे पहिल्या प्रश्नावर हिरिरीने भांडत राहिले आणि दुसऱ्या प्रश्नाला दोन्ही पक्षांनी मिळून बगल दिली. त्याची किंमत आजारी माणूस मोजतो आहे.

नोकरीला बांधलेला विमा

आजची व्यवस्था कोणी आखून केलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, सरकारने पगारवाढीवर निर्बंध घातले. कामगार तर हवे होते. मग कारखानदारांनी पगाराऐवजी आरोग्यविमा द्यायला सुरुवात केली, कारण तो निर्बंधांत मोडत नव्हता. १९५४ च्या करसंहितेने मालकाने भरलेला हप्ता कामगाराच्या करपात्र उत्पन्नातून कायमचा वगळला. एक डॉलर पगार दिला तर त्यावर कर, एक डॉलर विमा दिला तर नाही. साहजिकच विमा फुगत गेला. १९६० मध्ये एकूण आरोग्यखर्चापैकी जवळपास निम्मा लोक थेट खिशातून देत. आता तो वाटा दहा टक्क्यांच्या आसपास आहे.

एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या मराठी कुटुंबांना ही गाठ फार लवकर कळते. नोकरी गेली की दुसरी शोधायला साठ दिवसांची मुदत सुरू होते आणि त्याच सुमारास कंपनीचा विमाही सुटतो. कोब्रा नावाच्या कायद्याखाली तोच विमा काही काळ चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा. म्हणजे पगार थांबला त्याच महिन्यात हप्ता कित्येक पट होतो. आजारपणात आधार म्हणून घेतलेली गोष्ट नोकरी गेल्यावर, म्हणजे आधाराची सर्वांत जास्त गरज असताना, हातातून निसटते. हे दुखणे तिथल्या सर्वच नोकरदारांचे आहे.

नोकरी नसलेल्यांचे काय? १९४५ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी राष्ट्रीय विम्याची योजना मांडली. डॉक्टरांच्या संघटनेने तिला समाजवादी वैद्यक ठरवून हाणून पाडले. वीस वर्षांनी, ३० जुलै १९६५ रोजी, लिंडन जॉन्सन यांनी ट्रूमन यांच्याच गावी, मिसुरीतल्या इंडिपेन्डन्स येथे जाऊन वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजनांच्या कायद्यावर सही केली. डॉक्टर आणि रुग्णालये यांचा विरोध मावळावा म्हणून त्या कायद्यात एक मोठी सवलत ठेवली होती : रुग्णालयाला त्याचा झालेला खर्च आणि डॉक्टरला त्याची रूढ फी मिळेल. जोखमीचा प्रश्न वृद्धांपुरता सुटला; किमतीचा लगाम मात्र ज्यांना पैसे मिळायचे त्यांच्याच हाती राहिला. अमेरिकेतल्या पुढच्या प्रत्येक सुधारणेत हाच सौदा वेगवेगळ्या रूपांत दिसतो.

बाजारवाद्यांचे म्हणणे

मुक्त बाजाराच्या बाजूने बोलणाऱ्यांची भूमिका पुष्कळदा विपर्यास करून सांगितली जाते. ती नीट मांडली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य आहे. मिल्टन फ्रीडमन यांचा मुख्य मुद्दा असा होता, की सेवा घेणारा एक, देणारा दुसरा आणि पैसे भरणारा तिसरा, अशी रचना झाली की काटकसर करण्यात कोणालाच रस उरत नाही. म्हणून विमा फक्त मोठ्या, अनपेक्षित संकटापुरता असावा आणि किरकोळ खर्च माणसाने स्वतःच्या बचतीतून करावा. २००३ च्या कायद्याने आरोग्य बचत खाती सुरू झाली ती याच विचारातून.

त्यांचा दुसरा मुद्दा पुरवठ्याचा आहे आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. नवे रुग्णालय बांधायचे किंवा महागडे यंत्र आणायचे तर आधी गरज सिद्ध करून परवाना घ्या, असा कायदा न्यू यॉर्कने १९६४ मध्ये केला. पुढे केंद्राने तो सगळ्या देशावर लादला, १९८० च्या दशकात मागे घेतला, तरी अनेक राज्यांत तो अजून जिवंत आहे, आणि परवान्याच्या सुनावणीत आक्षेप घ्यायला जुनी रुग्णालये हजर असतात. निवासी डॉक्टरांच्या ज्या जागांना मेडिकेअर अनुदान देते त्यांची संख्या १९९७ च्या कायद्याने गोठवली. अगदी अलीकडे थोड्या जागा वाढवेपर्यंत ती तशीच होती. मेडिकेअरच्या रुग्णांसाठी डॉक्टरांनी स्वतःच्या मालकीची नवी रुग्णालये काढण्याची वाट २०१० च्या कायद्याने जवळपास बंद केली. दुकान उघडायलाच बंदी असेल तर स्पर्धा येणार कुठून, हा त्यांचा सवाल रास्त आहे.

आणि त्यांच्याकडे दाखवायला उदाहरणेही आहेत. ओक्लाहोमा सिटीत भूलतज्ज्ञ कीथ स्मिथ यांनी सहकाऱ्यासोबत काढलेले शस्त्रक्रिया केंद्र २००९ पासून आपले रोखीचे दर जाहीर करते. शल्यविशारद, भूल, जागा असे सगळे धरून एकच आकडा. डोळ्यांच्या लेसिक शस्त्रक्रियेला बहुधा विमा लागू नसतो. तिथे लोक भाव विचारतात, जाहिराती वाचतात, चौकशी करून ठरवतात. नियोजित, ठरीव स्वरूपाच्या, थांबता येईल अशा उपचारांत बाजार चालू शकतो. हे जो नाकारतो तो समोरचा पुरावा नाकारतो.

एका पत्रकाची तपासणी

मग बाकीच्या ठिकाणी काय अडते? समजा, गुडघ्याचा एमआरआय काढला. काही आठवड्यांनी विमा कंपनीचे पत्रक येते. हे बिल नाही, असे त्यावर ठळक अक्षरांत छापलेले असते. पहिल्या रकान्यात रुग्णालयाने लावलेली रक्कम, समजा ३,२०० डॉलर. दुसऱ्यात कंपनीशी झालेल्या करारानुसार मान्य रक्कम, १,१००. तिसऱ्यात कंपनीने दिलेले पैसे, शून्य. कारण या वर्षाचे डिडक्टिबल अजून भरलेले नाही, म्हणजे विमा सुरू होण्यापूर्वी पदरचे जेवढे घालायचे तेवढे अजून घातलेले नाही. शेवटच्यात रुग्णाचे देणे, १,१००. यातल्या ३,२०० ला फारसा अर्थ नाही. ती रक्कम विमा नसलेल्या दुर्दैवी माणसाखेरीज सहसा कोणाकडे मागितली जात नाही. १,१०० हा आकडा तपासणीपूर्वी रुग्णाला ठाऊक नव्हता आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरलाही नव्हता. त्याच यंत्रावर त्याच दिवशी आलेल्या दुसऱ्या रुग्णाची विमा कंपनी वेगळी असेल तर त्याला सातशेच पडतील. रुग्ण ग्राहक आहे म्हणावे तर त्याला भाव माहीत नाही. ग्राहक नाही म्हणावे तर पैसे त्याच्याच खिशातून जात आहेत.

भाव जाहीर केले की हे सुधारेल, अशी आशा होती. ट्रम्प प्रशासनाच्या नियमानुसार १ जानेवारी २०२१ पासून रुग्णालयांना करारातले दर उघड करणे भाग पडले. बायडेन प्रशासनाने तो नियम ठेवला आणि दंड वाढवला. पाऊल योग्यच होते. पण पायाच्या एमआरआयचाच २०१८ मधला एक अभ्यास पाहावा. त्यात आढळले, की रुग्ण घरून तपासणीच्या जागी जाताना सरासरी सहा स्वस्त केंद्रे ओलांडून पुढे जातात. भावांची तुलना करणारे साधन हाताशी असताना ते वापरणारे एक टक्काही नव्हते. रुग्ण डॉक्टर सांगेल तिथे जातो. यात त्याचा आळस शोधण्यात अर्थ नाही. आजारात दुसऱ्याच्या ज्ञानावर विसंबणे हाच तर वैद्यकीचा पाया आहे.

केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच हे सैद्धांतिक पातळीवर मांडले होते. आजार केव्हा येईल हे अनिश्चित, उपचार लागू पडेल की नाही तेही अनिश्चित, आणि विकणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक माहिती. अशा व्यवहारात स्पर्धेच्या बाजाराची नेहमीची गृहीतके टिकत नाहीत आणि ती उणीव भरून काढायला विश्वास, परवाने, विमा अशा संस्था उभ्या राहतात. बाजारवादी ज्यांना अडथळे म्हणतात त्यांतले काही खरोखर अडथळे आहेत आणि काही या उणिवेवरचे इलाज आहेत. ते वेगळे करण्याचे काम राजकीय भाषणांत होत नाही.

खिशातून पैसे गेले तर माणूस विचार करून खर्च करतो का, हे तपासणारा सर्वांत मोठा प्रयोग रँड संस्थेने १९७० आणि ८० च्या दशकांत केला. हजारो कुटुंबांना वेगवेगळ्या प्रकारचा विमा देऊन पाहिले : कोणाला सगळे मोफत, कोणाला ठरावीक मर्यादेपर्यंत ९५ टक्के स्वतः भरायचे. स्वतः भरणाऱ्यांचा खर्च सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला आणि बहुतेकांच्या प्रकृतीत फरक पडला नाही. बाजारवादी इथे थांबतात. पण त्याच प्रयोगात दिसले, की लोकांनी अनावश्यक उपचार जेवढे टाळले तेवढेच आवश्यकही टाळले, आणि गरीब, आधीच आजारी माणसांचा रक्तदाब मोफत उपचार मिळणाऱ्यांइतका आटोक्यात राहिला नाही. २०१३ मध्ये एका मोठ्या कंपनीने आपल्या हजारो कर्मचाऱ्यांना मोफत उपचारांवरून मोठ्या डिडक्टिबलच्या विम्यावर आणले. खर्च १२ ते १४ टक्क्यांनी उतरला. तो उतरला तो स्वस्त डॉक्टर शोधल्यामुळे नव्हे, लोक डॉक्टरकडे कमी गेले म्हणून. हे कर्मचारी सुशिक्षित आणि चांगल्या पगाराचे होते.

शिवाय खर्च कुठे साचला आहे ते पाहिले पाहिजे. अमेरिकेतल्या एकूण आरोग्यखर्चाचा सुमारे निम्मा भाग फक्त पाच टक्के लोकांवर होतो. कमी खर्चाच्या निम्म्या लोकसंख्येवर मिळून तीन-चार टक्के. केमोथेरपी, डायलिसिस, मुदतपूर्व जन्मलेले बाळ. या रुग्णांचे डिडक्टिबल वर्षाच्या पहिल्या काही आठवड्यांतच संपते आणि त्यापुढे भावाची घासाघीस करण्याचे त्यांना ना कारण उरते ना त्राण. म्हणजे बचत खात्यांची शिस्त लागू पडते ती ज्यांच्यावर फारसा खर्च होतच नाही त्यांना.

जोखमीचा तिढा

आता पहिला प्रश्न. आजाऱ्याला विमा नाकारायचा नाही आणि त्याच्याकडून जास्त हप्ताही घ्यायचा नाही, एवढाच नियम केला तर निरोगी माणूस आजारी पडेपर्यंत थांबतो. न्यू यॉर्क राज्याने १९९३ पासून असा नियम लावला आणि वैयक्तिक विम्याचे हप्ते चढत जाऊन तो बाजार आक्रसला. म्हणून सगळ्यांनी विमा घेणे बंधनकारक, आणि ज्यांना परवडत नाही त्यांना अनुदान. ही बंधनाची कल्पना १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेतून पुढे आली होती. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉमनी यांनी ती अमलात आणली. बराक ओबामांनी २३ मार्च २०१० रोजी तीच देशाचा कायदा केली, तेव्हा मात्र काँग्रेसच्या अंतिम मतदानात एकाही रिपब्लिकनाने बाजूने मत दिले नाही.

विरोधाला काही सच्ची कारणे होती. नको असलेल्या वस्तूसाठी सरकार नागरिकाला पैसे भरायला लावू शकते का, हा स्वातंत्र्याचा प्रश्न होता, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन केवळ कर म्हणून वैध ठरवले. त्याच निकालाने मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. टेक्सास आणि फ्लोरिडा यांनी तो आजही केलेला नाही. पण पर्याय काय, या प्रश्नाला रिपब्लिकनांना सात वर्षांत उत्तर सापडले नाही. जुन्या आजारांच्या लोकांसाठी राज्यांनी वेगळे विमा गट चालवावेत, असे ते सांगत. २०१० पूर्वी तसे गट सुमारे ३५ राज्यांत होते आणि सगळ्या देशात मिळून त्यांत दोन-सव्वादोन लाख लोक सामावले होते, कारण त्यांना पुरेसा पैसा कोणी दिला नव्हता. जुलै २०१७ मध्ये कायदा उखडण्याचा प्रस्ताव सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडला. जॉन मकेन, सुसान कॉलिन्स आणि लिसा मुर्कोव्स्की या तीन रिपब्लिकनांनी आपल्याच पक्षाविरुद्ध मत दिले.

डेमोक्रॅटांचेही एक गृहीतक पुढे खोटे ठरले. २०१९ पासून विमा न घेणाऱ्याचा दंड शून्यावर आला. बाजार कोसळेल, असे भाकीत होते. तो कोसळला नाही, कारण हप्ता वाढला की अनुदानही वाढेल अशी तरतूद कायद्यात आहे. सक्तीपेक्षा अनुदानच व्यवस्था तोलून धरत होते. याचा अर्थ असाही, की हप्ता का वाढला हे विचारण्याची गरज अनुदान घेणाऱ्याला उरली नाही. वाढीव भार सरकारी तिजोरीने उचलला. २०२१ मध्ये हे अनुदान वाढवले गेले आणि २०२५ अखेरपर्यंत त्या वाढीची मुदत होती. त्याच वादावरून ऑक्टोबर २०२५ पासून केंद्र सरकारचे कामकाज ४३ दिवस ठप्प राहिले. इतके दिवस भांडण चालले ते अनुदान किती, यावर. ज्या भावामुळे अनुदान लागते तो भाव कसा ठरतो, हा विषय बाजूलाच राहिला.

बाजाराचे समर्थक सिंगापूरचे नाव घेतात, कारण तिथे १९८४ पासून वैद्यकीय बचत खाती आहेत. मात्र त्या देशात बहुतेक खाटा सरकारी रुग्णालयांत आहेत, बचत सक्तीची आहे आणि २०१५ पासून मूलभूत विमाही सगळ्यांना लागू आहे. स्वित्झर्लंडमध्ये विमा कंपन्या खासगी आहेत, पण १९९६ पासून विमा प्रत्येकाला घ्यावाच लागतो. फ्रेडरिक हायेक यांनीसुद्धा १९४४ च्या ‘द रोड टू सर्फडम’मध्ये आजारपण आणि अपघात यांसाठी सरकारने सामाजिक विमा उभारण्यात मदत करण्याला आक्षेप घेतलेला नाही. जोखीम वाटून घेणे आणि बाजार चालवणे यांत अटळ विरोध आहे, हा समज अमेरिकेतल्या पक्षीय भांडणाने पोसलेला आहे.

भाव ठरवण्याची ताकद

अमेरिकन माणूस इतर देशांतल्या माणसांपेक्षा फार जास्त वेळा डॉक्टरकडे जातो किंवा जास्त दिवस रुग्णालयात राहतो असे नाही. उवे राइनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले, की खरा फरक दरांत आहे. आणि दर ताकदीने ठरतो. खासगी विमा कंपन्या रुग्णालयांना मेडिकेअरच्या सरासरी अडीच पट दर देतात. शहरातली रुग्णालये एकमेकांत विलीन होत गेली, आणि ज्या साखळीशिवाय चालूच शकत नाही तिच्याशी विमा कंपनीने करार मोडायचा कसा? कंपनी वाढीव दर मान्य करते आणि पुढच्या वर्षीच्या हप्त्यात टाकते. हप्ता मालक भरतो आणि तो पगारवाढीतून कापतो. कामगाराला आपले पैसे कुठे गेले हे दिसत नाही.

सरकारने दर ठरवणे ही डाव्यांची कल्पना, असा समज आहे. इतिहास तसा नाही. मेडिकेअरने रुग्णालयांना झालेला खर्च भरून देणे थांबवून आजारानुसार ठरावीक रक्कम देण्याची पद्धत १९८३ मध्ये रेगन यांच्या काळात आणली. डॉक्टरांच्या फीचा तक्ता थोरल्या बुशांच्या काळात कायदा होऊन १९९२ पासून लागू झाला. मेरीलँड राज्यात तर १९७० च्या दशकापासून रुग्णालयांचे दर एक आयोग ठरवतो आणि पैसे देणारा कोणीही असो, त्याला जवळपास तोच दर पडतो.

उलट २००३ मध्ये, औषधांचा खर्च मेडिकेअरमध्ये आणताना, रिपब्लिकन काँग्रेसने सरकारला औषध कंपन्यांशी किमतीची वाटाघाट करायलाच कायद्याने मनाई केली. देशातला सर्वांत मोठा खरेदीदार आणि त्याला भाव विचारायची बंदी : याला मुक्त बाजार म्हणता येत नाही. ओबामांच्या कायद्यानेही औषध उद्योगाचा विरोध टाळण्यासाठी त्या मनाईला हात लावला नाही. ती अंशतः उठली २०२२ च्या कायद्याने. पहिल्या दहा औषधांचे वाटाघाटीतले दर २०२६ पासून लागू झाले, आणि मेडिकेअरमधल्या मधुमेहींना प्रत्येक प्रकारच्या इन्सुलिनसाठी महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त द्यावे लागत नाहीत. हा कायदा एकाही रिपब्लिकन मताशिवाय झाला.

तरी दोन्ही पक्ष एकत्र येऊ शकतात अशा जागा आहेत. बेशुद्धावस्थेत कराराबाहेरच्या डॉक्टरने उपचार केले म्हणून अचानक येणारी मोठी बिले बंद करणारा कायदा डिसेंबर २०२० मध्ये दोघांच्या मतांनी झाला. याहून महत्त्वाची जागा म्हणजे सारख्या कामाला सारखा दर. रुग्णालयाने एखादा खासगी दवाखाना विकत घेतला, पाटी बदलली, की त्याच खोलीत त्याच परिचारिकेने दिलेल्या त्याच इंजेक्शनसाठी मेडिकेअर वर्षानुवर्षे जास्त पैसे मोजत आली. याचा फायदा घेऊन दवाखाने गिळले गेले, स्पर्धा घटली आणि खासगी दरही चढले. बाजारवाद्याला हे स्पर्धेच्या विरोधी म्हणून खटकते, सरकारी विम्याच्या पुरस्कर्त्याला जनतेच्या पैशाची लूट म्हणून. डिसेंबर २०२३ मध्ये प्रतिनिधीगृहाने या दिशेचे एक विधेयक ३२० विरुद्ध ७१ मतांनी मंजूर केले. त्यात कराराचे दर उघड करण्याची सक्तीही होती. सिनेटने ते मतदानाला घेतले नाही. रुग्णालयांच्या संघटनेचा विरोध होता, आणि रुग्णालय हा बहुतेक मतदारसंघांतला मोठा रोजगारदाता असतो, मग तो मतदारसंघ कोणत्याही पक्षाचा असो.